पाखरांची वही गावाच्या कपाटात हवी

शेतकरी मित्रहो, पाखरांचं कौतुक तुम्हाला कुणी बाहेरच्यानं येऊन सांगावं असं नाही. नांगरामागे बगळे कसे चालतात ते तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या बघत आलात. टिटवीनं अंडी उंचावर घातली की सखल रानात, यावरून पावसाचा अंदाज बांधणारी म्हातारी माणसं अजून गावोगाव आहेत. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे कसे उतरतात आणि माळ्यावर उभं राहून गोफण फिरवताना खांदा कसा भरून येतो, हे शहरातल्या पक्षीतज्ज्ञापेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक. म्हणूनच रविवारी सकाळी गळ्यात दुर्बिणी अडकवून नदीकाठानं फिरणारी मंडळी दिसली की, पाखरं बघून कुणाचं पोट भरलंय, असं मनात येणं साहजिक आहे.

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तरही सरळ आहे. नुसतं बघून पोट भरत नाही. पण बघितलेलं मोजून, तारीखवार लिहून ठेवलं तर गावाच्या हाती एक कागद येतो. कागदाशिवाय गावाचं म्हणणं कुणी ऐकत नाही, हे सातबाऱ्यासाठी तालुक्याला हेलपाटे घातलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. निसर्गप्रेमी संस्थेबरोबर गावानं पाखरं बघायला बाहेर पडावं ते या कागदासाठी.

बांधारा शेतीचा, वस्ती पाखरांची

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी इंग्रज अमदानीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बंधारा बांधला गेला. तो बांधला शेतीच्या पाण्यासाठी. त्याच्या डाव्या-उजव्या कालव्यांचं पाणी आजही खाली दूरवरच्या शिवारांना जातं. पण वर्षानुवर्षं नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साठत गेला. पाणी उथळ झालं, मध्ये मातीची बेटं तयार झाली, पाणगवत माजलं. इंजिनिअरच्या हिशेबात हे नुकसान होतं. पाखरांच्या हिशेबात मात्र ताट वाढून ठेवलेलं होतं. उथळ पाण्यात उभं राहून चिखलातले किडे, शिंपले, मासोळ्या टिपणाऱ्या पाखरांना अशीच जागा लागते.

१९८६ साली या जागेला अभयारण्याचा दर्जा मिळाला. जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची जी रामसर यादी आहे, तिच्यात २०२० साली नांदूर मध्यमेश्वरचं नाव जाहीर झालं. महाराष्ट्रातली ही पहिली रामसर जागा. त्याच वर्षी लोणार सरोवराचं नाव यादीत आलं आणि २०२२ साली ठाण्याच्या खाडीचं. वनस्पती, मासे, पक्षी, प्राणी मिळून नांदूर मध्यमेश्वर परिसरात ५३६ जातींची नोंद रामसरच्या कागदपत्रांत आहे. धोके कोणते, तेही त्याच कागदपत्रांत लिहिलंय : जलपर्णी, वाढती शहरं, पाण्याचा उपसा, मत्स्यशेती.

हिवाळ्यात चापडगावच्या बाजूनं पहाटे मनोऱ्याकडे जाऊन बघा. काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा लावलेले वारकरी पक्षी पाण्यावर शेकड्यानं पसरलेले असतात. लांबसडक लाल पायांचे शेकाटे, पाणगवतात वावरणाऱ्या जांभळ्या पाणकोंबड्या, चोचीच्या टोकाला चमचा असलेले दर्विमुख दिसतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक ही परमुलखातली बदकं असतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतो. दुर्बीण लावून ही पाखरं दाखवणारे वाटाडे आसपासच्या गावांतलेच तरुण आहेत. वनखात्यानं त्यांना शिकवलं आणि आता बाहेरून येणाऱ्या डॉक्टर-प्राध्यापकांना पाखरांची नावं हे तरुण सांगतात.

मोजलं म्हणून कळलं

मोजण्यानं काय होतं, याचा सगळ्यात मोठा धडा गिधाडांनी दिलाय. गावातलं जनावर मेलं की ओढून टाकायचं आणि तासा-दोन तासांत आभाळातून गिधाडं उतरायची, हे पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकानं बघितलेलं आहे. पुढे ती दिसेनाशी झाली. कधी झाली? विचारा गावात. कुणी म्हणेल दुष्काळानंतर, कुणी म्हणेल मोठी झाडं तुटली तेव्हा. नक्की कुणालाच सांगता येत नाही, कारण लिहून कुणीच ठेवलं नव्हतं.

राजस्थानात भरतपूरच्या अभयारण्यात मात्र लिहून ठेवलेलं होतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात तिथली गिधाडांची घरटी मोजली होती. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ती पुन्हा मोजली, तेव्हा आकडा कोसळलेला दिसला. जुनी वही होती म्हणून नवा आकडा बोलला. मग शोध सुरू झाला. २००४ साली शास्त्रज्ञांनी कारण सिद्ध केलं : जनावरांना सूज-वेदनेसाठी टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक. हे इंजेक्शन दिलेलं जनावर लवकरच मेलं आणि गिधाडांनी त्याचं मांस खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारात एकही उरू नये इतकी घटली.

२००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात, म्हणून २०१५ साली मोठ्या बाटल्याही बंद झाल्या. २०२३ साली जनावरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर बंदी आली आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवर. तेव्हा गोठ्यात डॉक्टर आले की एवढं विचाराच, "साहेब, मेलॉक्सिकॅम चालेल का?" जनावराची सूज-वेदना त्यानंही उतरते आणि गिधाडाला ते बाधत नाही. आपल्याच जिल्ह्यात हरसूल परिसरातल्या खोरीपाड्याला वनखात्यानं गिधाडांसाठी मेलेली जनावरं टाकण्याची खास जागा केली. तिथं टाकायचं जनावर कोणत्या औषधावर होतं, ते सांगणारा शेवटी मालकच असतो.

भीती खोटी नाही

आता तुमच्या मनातली दुसरी गोष्ट बोलू. पाखरांची यादी सरकारला कळली की अभयारण्य येईल, जमिनीचे व्यवहार अडतील, विहीर खणायलासुद्धा परवानगी लागेल, ही भीती गावोगाव आहे आणि ती हवेतली नाही. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली सोलापूर-अहमदनगर भागात अभयारण्य जाहीर झालं. त्याचं क्षेत्र होतं तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, शेतं आली, बाजारपेठाही आल्या. खरेदी-विक्री आणि बांधकामाच्या अडचणींनी लोक वैतागले. माळढोकाचं नाव काढलं तरी माणसं चिडू लागली. शेवटी हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं. दरम्यान माळढोकही महाराष्ट्रातून जवळपास नाहीसा झाला. म्हणजे नुकसान दोघांचंही झालं.

यातून घेण्यासारखं काय? पाखरं नेमकी कोणत्या माळावर, कोणत्या महिन्यात, किती असतात याचा गावनिहाय हिशेब गावाकडे असता, तर रेघ कुठून ओढायची हे सांगायला गावाला तोंड असतं. हिशेब नव्हता, म्हणून नकाशावर मोठा गोल पडला. पाखरं लपवून ठेवल्यानं गाव वाचत नाही. आपल्या शिवाराची माहिती दुसऱ्याकडे असावी आणि आपल्याकडे नसावी, हा खरा धोका आहे.

उलट बाजूची उदाहरणंही महाराष्ट्रातच आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी समुद्रकासवं किनाऱ्यावर अंडी घालतात. ही अंडी पूर्वी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ साली गावकऱ्यांना हाताशी धरून अंड्यांची राखण सुरू केली. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात, गावातल्या घरांतच उतरतात, घरचंच जेवतात. पैसा गावात राहतो. उजनीच्या फुगवट्यावर इंदापूर तालुक्यातल्या कुंभारगावचे मच्छीमार हिवाळ्यात रोहित पक्षी दाखवायला होड्या नेतात. ज्यांच्या शेतजमिनी धरणात गेल्या त्या भागातली ही माणसं आहेत. फुकटचं काही नाही. रोहित टिकला तरच होडीला गिऱ्हाईक, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मात्र प्रत्येक गावात पर्यटक येतील अशी आशा धरू नका. पर्यटक आले तर तो वरकड फायदा. वही प्रत्येक गावाला लागतेच.

कायद्यानं दिलेली नोंदवही

सरपंच आणि सदस्य मंडळींनी, तसंच ज्यांना आपण अजून ग्रामसेवक भाऊसाहेबच म्हणतो त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, पुढचं नीट वाचावं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी असं सांगितलंय. महाराष्ट्राचे नियम २००८ साली झाले. या समितीनं गावच्या लोकांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. पिकांची देशी वाणं, झाडं, औषधी वनस्पती, मासे, पाखरं आणि त्यांच्याबद्दल जुन्याजाणत्यांना असलेली माहिती असं सगळं तिच्यात येतं.

बरीच वर्षं हे काम कागदावर रखडलं होतं. २०१९ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली आणि ती चुकवणाऱ्या राज्याला महिन्याला १० लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. मग एकच धावपळ उडाली. त्या घाईत अनेक ठिकाणी वह्या उरकल्या गेल्या. तुमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटातली वही एकदा बाहेर काढा. पाखरांचं पान उघडा. तिथं नुसतं कावळा, चिमणी, मोर एवढंच लिहिलेलं असेल आणि गावतळ्यावर हिवाळ्यात उतरणारी बदकं नसतील, तर ती वही तुमच्या गावाची नाही. पुढेमागे त्या तळ्यावर भराव पडायची वेळ आली, गायरानाचा दुसरा वापर ठरला, नदीत मैलापाणी सोडलं गेलं, तर हरकत घेताना हातात काय धरणार? "आमच्याकडे लई पाखरं येतात" हे बोलणं चावडीवर चालतं. सुनावणीत तारीख, ठिकाण आणि संख्या लागते.

शेतातलं देणं-घेणं

पाखरं शेतकऱ्याचं नुकसान करतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. द्राक्षाचे घड आणि ज्वारीची कणसं त्यांना आपल्याइतकीच आवडतात. पण खात्याच्या दुसऱ्या बाजूलाही बघा. हरभऱ्यात, तुरीत घाटेअळी आली की कृषी खातं पक्षीथांबे उभे करायला सांगतं. इंग्रजी टी अक्षरासारख्या काठ्या रोवल्या की कोतवाल, साळुंकी त्यावर बसतात आणि अळ्या वेचतात. हरभऱ्यात मधून मधून ज्वारीचे दाणे टाकायची आपली जुनी रीत होती, तिचाही हाच उपयोग. कणसं भरताना ज्वारी-बाजरीत मात्र हे थांबे नकोत. तिथं गोफणच बरी. द्राक्षबागेला जाळी लावाल तर ताणून लावा. सैल जाळीत पाखरू अडकून मरतं आणि द्राक्षं काही वाचत नाहीत.

घुबडाचंही तसंच. अपशकुनी म्हणून त्याला दगड मारले जातात, जादूटोण्यासाठी त्याला पकडलं जातं. खरं तर गव्हाणी घुबडाचं मुख्य खाणं उंदीर. पिल्लं घरट्यात असली की नर-मादी रात्रभर उंदीरच आणत असतात. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावी इला फाउंडेशन या संस्थेनं २०१८ पासून घुबडांचा उत्सव भरवायला सुरुवात केली. जिथं घुबडाला बघून लोक तोंड फिरवत, तिथं शाळेतली पोरं घुबडाची चित्रं काढतात. तुमच्या वाड्याच्या ढेलजेत, जुन्या विहिरीच्या कपारीत घुबड असेल तर राहू द्या, आणि विषानं मेलेला उंदीर उघड्यावर न टाकता पुरून टाका.

नेमानं फिरण्याचा आणखी एक उपयोग आहे. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी बर्ड फ्लूनं कोंबड्या दगावल्या. तळ्यावर महिन्याला फेरी असली की मरतूक लवकर नजरेस येते. एका ठिकाणी बरीच पाखरं मेलेली दिसली तर हात लावू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि वनरक्षकाला तेवढं तातडीनं कळवा.

फेरी कशी काढावी

यासाठी मोठा खर्च नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी, तालुक्याला निसर्गप्रेमी संस्था असतात. महाराष्ट्र पक्षीमित्र ही राज्यपातळीवरची संघटना आहे. शाळेतल्या गुरुजींना किंवा बाईंना, नाहीतर वनरक्षकाला विचारलं तर ओळख निघते. संस्थेचा एखादा जाणकार पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना बोलवा. पुढे गाव आपल्या पायावर उभं राहील असं बघा.

माणसं दहा-पंधरा पुरेत. जत्रा नको. त्यात शाळेतली चार पोरं असावीत, मेंढरं वळणारा एक असावा, मासे धरणारा एक असावा आणि बायका तर हव्यातच. पाणवठ्यावर, बांधावर, सरपणाला त्या जातात. सुगरणीची घरटी कोणत्या बाभळीवर आणि लाव्ह्याची जोडी कोणत्या बांधाला, हे त्यांना आधी ठाऊक असतं. उजाडायच्या वेळी निघा. मातकट, हिरवट कपडे घाला. भडक लाल-पांढरं नको. आठ बाय चाळीसची एक दुर्बीण संस्थेकडून मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी अडत नाही. मोबाईलवर पाखराचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका आणि फोटोसाठी घरट्याजवळ जाऊ नका.

वहीत सहा रकाने आखा : तारीख, वेळ, ठिकाण, पाखराचं नाव, संख्या, शेरा. नाव गावात जे म्हणतात तेच आधी लिहा, पुस्तकातलं नंतर. मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' आणि डॉ. सालिम अलींच्या पुस्तकांतली चित्रं पडताळणीला चांगली. नक्की ओळख पटली नाही तर "ओळखू आलं नाही" असंच लिहा. थवा मोठा असेल तर दहा पाखरं नीट मोजा, तेवढी जागा डोळ्यांत धरा आणि असे किती दहा बसतात ते बघा. शेऱ्यात पाण्याची पातळी, जलपर्णी किती पसरली, कुठं जाळं किंवा फासा दिसला का, हे टिपा. तितर, लाव्हे धरणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, हे बरोबरच्या पोरांनाही सांगा. शेवटी दोघांच्या सह्या करा आणि वर्षाखेरीस या पानांची प्रत ग्रामसभेपुढे मांडून नोंदवहीला जोडा.

महत्त्वाचं एवढंच, की दर महिन्याला तोच दिवस, तीच वाट, तीच वेळ असावी. एका फेरीतली यादी ही हौस झाली. बारा फेऱ्यांची यादी हा पुरावा होतो, आणि दहा वर्षांची यादी झाली की तिच्यापुढे मोठ्या साहेबालाही थांबून विचार करावा लागतो.

सुरुवातीला मुहूर्तही आहेत. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्य सरकारनं २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरवलाय. त्याच सुमारास पाहुणी बदकं उतरू लागतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ साली सुरू झालेल्या या गणनेत गावतळ्याचा आकडाही पाठवता येतो. माझी वसुंधरा अभियानात भाग घेतलेल्या ग्रामपंचायतींना हे काम तिथंही दाखवता येईल.

तेव्हा पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय वाढवा : जैवविविधता नोंदवहीचं वाचन. वही उघडून पाखरांचं पान मोठ्यानं वाचा. काय काय राहिलंय ते म्हातारी माणसं आपणहून सांगायला लागतील. मग फेरीचा दिवस ठरवायला वेळ लागणार नाही.